थांबलेला थेंब

रणजीत येळवंडेने टेबलावर ठेवलेली बाटली पाहून ज्ञानेशला वाटलं, पाहुण्याने येताना कोल्ड कॉफी आणली. त्याने हात पुढे केला.

"पिऊ नका," रणजीत म्हणाला. "इंजिन ऑइल आहे."

विजयश्री घोरपडेने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत दाट, दुधाळ, तपकिरी काहीतरी होतं. वापरलेलं ऑइल काळं पडतं. पाणी शिरलं तरच ते असं दिसतं.

"कुठल्या गाडीचं?"

"एटीव्हीचं. चार जाड टायरांची असते ती, डोंगरात फिरवायची. चाकणच्या पुढे आमची वडिलोपार्जित जमीन आहे, डोंगराच्या पायथ्याला. तिथं मातीचा ट्रॅक केलाय. शनिवार-रविवार कंपन्यांची माणसं येतात. चार नंबरची गाडी सगळ्यात मोठी. परवा आवाज करायला लागली. ऑइल काढलं तर हे."

"मग मेकॅनिककडे जायचं. माझ्याकडे का आलात?"

"मेकॅनिकनेच केलंय मॅडम. संघर्ष नाव त्याचं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भांडून गेला. जाताना सगळ्यांसमोर म्हणाला, माझ्याशिवाय ही गाडी आठ दिवस चालवून दाखवा. आठवडासुद्धा झाला नाही, राव. त्यानं ऑइलात पाणी ओतलं. मला तुमचा रिपोर्ट पाहिजे, म्हणजे सोमवारी पोलिसांत तक्रार देता येईल."

"भांडण कशावरून झालं?"

"फरशीवरून. चार नंबरखाली रोज हिरवे डाग. दुसऱ्या दिवशी मशिनरीची पूजा, पाहुणे येणार. मी म्हटलं, ही शेड आहे का गोठा? त्याला लागलं." रणजीतने खुर्चीत बूड हलवलं. "त्याला भोसरीत एका वर्कशॉपमध्ये काम मिळतंय. त्या मॅडमनाही फोन करून सांगितलं मी, असला माणूस घेऊ नका."

"पुरावा नसताना?"

"पुरावा तुम्ही देणार ना."

विजयश्री पूर्वी विमा कंपन्यांसाठी गाड्यांचे सर्व्हे करत असे. आता चिंचवड स्टेशनजवळ फ्लेक्सच्या दुकानावर तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. ज्ञानेश तिचा धाकटा दीर. गाडी चालवणं, फोटो काढणं आणि घाईने निष्कर्ष काढणं ही त्याची कामं होती. पहिल्या दोन कामांत तो चांगला होता.

"मी दिसेल ते लिहिते," ती रणजीतला म्हणाली. "तुम्हाला हवं ते नाही."

"दिसेल तेच लिहा. तेच दिसणार आहे."

*

चाकणच्या चौकात कंटेनरच्या रांगेत त्यांची गाडी अडकली.

"वहिनी, केस संपलीच की," ज्ञानेश म्हणाला. "भांडण आहे, धमकी आहे. जेवायला घरी पोहोचू."

"भावजी, तुम्हाला प्रत्येक केस जेवणाआधी संपलेली हवी असते."

येळवंड्यांची शेड एखाद्या कारखान्यातून उचलून आणल्यासारखी होती. फरशीवर पिवळे पट्टे होते आणि प्रत्येक गाडी आपल्या चौकोनात उभी होती. भिंतीवरच्या फळीवर पान्यांचे आकार रंगवलेले आणि प्रत्येक पाना आपल्या आकारावर. हँडलांना झेंडूचे सुकलेले हार होते. इंजिनांवर नवा चंदेरी रंग आणि त्यावर हळदीकुंकवाची बोटं.

हे सगळं रणजीतच्या वडिलांचं काम. सोनबा येळवंडे पिंपरीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यापासून ते या शेडमध्येच असत.

"समद्या गाड्या पूजेला मीच धुतल्या," ते म्हणाले. "रंग बी मीच दिला. त्या दिशी दुसऱ्या कुनाचा हात लागला न्हाई."

"तेव्हा संघर्ष नव्हता?"

"आदल्या दिशीच गेला की. पोरगं वाईट न्हवतं, ताई. पन डोकं गरम. शेडीची एक किल्ली माझ्यापाशी, एक त्याच्यापाशी. त्यानं परत दिलेली न्हाई."

ज्ञानेशने वहिनीकडे पाहिलं. ती कोपऱ्यातल्या पाण्याच्या ड्रमकडे बघत होती. ड्रमला कधीतरी तडा गेला होता. त्या जागी करडं एम-सील अंगठ्याने दाबून बसवलेलं होतं आणि त्यावर ड्रमच्या रंगाचाच निळा हात मारलेला होता. नीट पाहिल्याशिवाय जोड कळत नव्हता.

"हे छान बुजवलंय."

"आमच्या लाइनीवर मशिनीखाली थेंब दिसला की तांबडं कार्ड लागायचं," सोनबा म्हणाले. "मोठा सायब यायच्या आत थेंब बंद झाला पायजे. आधी थेंब बंद, मग बाकीचं. माझ्या लाइनीला कवा कार्ड लागलं न्हाई."

"फरशी रोज पुसता?"

"आता पुसाया लागतच न्हाई. बघा की."

फरशी खरोखर कोरडी होती. चार नंबरखाली जुन्या हिरव्या डागांच्या फिकट कडा तेवढ्या राहिल्या होत्या. नवा डाग एकही नव्हता.

विजयश्रीने बाह्या सरसावल्या. आधी तिने रेडिएटरचं झाकण उघडलं. आत इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट दिसायला हवं होतं. तिने बोट घातलं, ते कोरडं बाहेर आलं. बाजूची लहान टाकीही रिकामी होती. मग तिने सीटखालचा एअर फिल्टर काढला. त्यावर धुळीचा कोरडा थर होता. स्पार्क प्लगही कोरडा निघाला, विटकरी रंगाचा.

"सँपल घेतल्यावर उरलेलं ऑइल काढलंय?" तिने रणजीतला विचारलं.

"नाही. परवापासून गाडीला हात लावलेला नाही."

तिने इंजिनाच्या तळाचा बोल्ट सैल केला. आधी पातळ हिरवी धार आली. त्यानंतर तो दुधाळ काला.

"भावजी, हिरव्या धारेचा फोटो घ्या."

"घेतला. पण त्यात काय विशेष?"

"जड असतं ते खाली बसतं. ओढ्याचं किंवा नळाचं पाणी हिरवं नसतं."

"म्हणजे त्यानं पाणी नाही, कूलंट ओतलं," ज्ञानेश म्हणाला. रणजीतने जोरात मान डोलावली.

*

रविराज ट्रॅकवर पाहुण्यांना गाडी शिकवायचा. मूळचा चिपळूणचा. खाली ओढा होता, त्यात गाड्या घालायला रणजीतची सक्त मनाई होती.

"ओढ्यात गाडी घातली होतीस?" विजयश्रीने विचारलं.

"छे, नाही हो."

"मागच्या कॅरिअरच्या नळीत शेवाळ आहे."

रविराजने ट्रॅककडे नजर वळवली. "एकदाच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणेच म्हणाले, व्हिडिओ काढायचाय. सीटच्या खालपर्यंत पाणी आलं, पण गाडी बंद नाही पडली. साहेबांना सांगू नका."

"तुझे साहेब तुझ्या मागेच उभे आहेत."

रविराजने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा वळला नाही.

"गाडी पांढरा धूर टाकत होती का?" तिने विचारलं.

"नाही. धूर अजिबात नाही. गरम मात्र लवकर व्हायला लागली होती. दसऱ्यानंतरच."

"मग कूलंट तपासलं?"

"ते संघर्ष बघायचा. मी चालवतो फक्त."

परतताना ज्ञानेश खुशीत होता. "वहिनी, मी मत बदललं. रविराज. ओढ्याचं पाणी इंजिनात गेलं, आणि हा गप्प बसला."

"ओढ्याचं पाणी इंजिनात जायला हवेच्या वाटेने जावं लागतं. त्या वाटेवरच्या फिल्टरवर धूळ कोरडी होती."

"मग पुन्हा संघर्ष."

"तुम्ही गाडी चालवा."

*

संघर्ष भोसरीत मित्राच्या खोलीवर राहत होता. तो त्यांना खाली चहाच्या टपरीवर भेटला. पंचविशीचा, परभणीकडचा. विजयश्रीने काही विचारायच्या आत त्याने खिशातून किल्ली काढून टपरीच्या फळीवर ठेवली.

"ही घ्या. द्यायला गेलो नाही, कारण त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. काही केलं असतं तर पळून गेलो असतो ना गावाकडं."

"आठ दिवस चालवून दाखवा, असं का म्हणालास?"

"मग काय म्हणू? रोज सकाळी चार नंबरमधलं कूलंट कमी झालेलं असायचं. मी टाकायचो. मी गेल्यावर कोण टाकायलंय? रविराज? त्याला झाकण कुठं आहे तेबी माहीत नाही."

"कमी का व्हायचं?"

"खालून थेंब पडायचा. मला वाटलं, टाकीचा पाइप ओव्हरफ्लो होतोय. पुठ्ठा टाकून ठेवायचो खाली."

"खोलून पाहिलं नाहीस?"

"सीझनला गाडी उभी कोण करू देतंय?"

"रणजीतना सांगितलंस?"

त्याने चहाचा ग्लास उचलला. "नाही. पुठ्ठा टाकला."

"थेंब कधीपर्यंत पडत होता?"

"मी जाईपर्यंत. त्याच्यावरूनच तर बोलले मला. गोठा म्हणले." त्याने ग्लास खाली ठेवला. "मॅडम, असल्या गाड्या बघणारी वर्कशॉपं इकडं बोटावर मोजण्याइतकी. सगळे एकमेकाला ओळखतात. सोमवारी नवीन ठिकाणी जॉइन व्हायचं होतं. तिथल्या नेहा मॅडम म्हणल्या, आधी ते प्रकरण मिटवून या, पोलीस केस असलेला माणूस मी गेटच्या आत घेत नाही. सोमवारी केस झाली की संपलंच माझं इकडं. मग गावाकडं पंक्चर काढत बसायचं."

"उद्या सकाळी शेडवर ये."

"कशाला? मार खायला?"

"कूलंट कुठे गेलं ते बघायला."

*

रविवारी ट्रॅक बंद ठेवला होता. शेडमध्ये रणजीत, सोनबा आणि रविराज उभे होते. संघर्ष दारातच थांबला. त्याला कोणी आत बोलावलं नाही. विजयश्रीने त्याची किल्ली रणजीतच्या हातात दिली आणि सायकलच्या पंपासारखं एक उपकरण पिशवीतून काढलं. त्याला काटा होता.

"रेडिएटर मी आता काठोकाठ भरलाय," ती म्हणाली. "हा पंप त्याच्या तोंडावर बसवून आत दाब द्यायचा. कुठे गळत नसेल तर काटा जागचा हलणार नाही."

तिने पंप दाबला. काटा वर गेला, क्षणभर थांबला आणि हळूहळू खाली येऊ लागला.

"भावजी, गाडीखाली बघा."

ज्ञानेश पालथा पडला. "कोरडं आहे. सगळीकडे."

"स्पार्क प्लग मी काढून ठेवलाय. रविराज, स्टार्टर फिरव. कूलंट सिलिंडरमध्ये जात असेल तर त्या भोकातून फवारा उडेल."

स्टार्टर फिरला. नुसती हवा आली.

"आता हिशेब करू. रणजीतराव म्हणतात, ऑइलमध्ये बाहेरून ओतलं. डब्यातलं कूलंट ओतलं असतं तर रेडिएटर भरलेला सापडला असता. तो रिकामा होता."

"रेडिएटरमधलंच काढून ओतलं असेल," रणजीत म्हणाला.

"मलाही तसं वाटलं होतं. म्हणून आज हा पंप आणला. संघर्ष दारात उभा आहे, त्याचे हात खिशात आहेत, आणि काटा आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर उतरतोय. रेडिएटरमधून कूलंट जायला तीन वाटा. एक जमिनीवर. जमीन कोरडी. दुसरी सिलिंडरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरचं हेड गॅसकेट गेलेलं. तसं असतं तर पांढरा धूर दिसला असता, प्लग ओला निघाला असता. दोन्ही नाही. राहिली तिसरी, सरळ ऑइलमध्ये. या इंजिनात कूलंट आणि ऑइल आणखी एकाच जागी शेजारी असतात. कूलंट फिरवणाऱ्या, इंजिनातल्या पाण्याच्या पंपात."

तिने इंजिनाच्या बाजूच्या गोल भागावर हात ठेवला.

"पंपाच्या दांडीचं एक टोक कूलंटमध्ये, दुसरं ऑइलमध्ये. मध्ये गळती अडवणारी दोन सील. कूलंटकडचं सील कधीतरी झिजणार, हे बनवणाऱ्याला माहीत असतं. झिजल्यावर कूलंट ऑइलमध्ये जाऊ नये म्हणून दोन सीलांच्या मधून खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं. सील गेलं की तिथून थेंब पडतो. थेंब म्हणजे सूचना. ऑइल तोवर सुरक्षित असतं."

"तोच थेंब," संघर्ष दारातून म्हणाला.

"तोच. तू त्याला ओव्हरफ्लो समजलास आणि पुठ्ठा टाकलास. रणजीतरावांनी त्याला घाण समजली. पण तुमच्या भांडणाच्या दिवसापर्यंत तो पडत होता, यावर तुम्हा दोघांचं एकमत आहे. बहुतेक तेवढ्याच एका गोष्टीवर."

ज्ञानेश हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"पूजेनंतर मात्र फरशीवर एकही डाग नाही. सील कोणी बदललं?"

संघर्षने दारातूनच नकारार्थी मान हलवली.

"कोणीच नाही. दुरुस्ती झाली नाही, आणि गळती थांबली. गळणारी वस्तू आपोआप बरी होत नाही. थेंब बाहेर यायचा थांबला, म्हणजे तो आत जायला लागला. भावजी, शेजारच्या तीन नंबरचा पंप खालून बघा. ती याच बनावटीची आहे."

"भोक आहे. काडी जाईल एवढं."

"आता चार नंबरचा."

बराच वेळ ज्ञानेशचे पाय तेवढे दिसत होते. "इथे नाही. सपाट आहे. चंदेरी रंग आहे नुसता."

विजयश्री त्याच्या शेजारी आडवी झाली आणि दाभणाच्या टोकाने तो रंग खरवडला. चंदेरी पापुद्रा गेला. खाली करडं काहीतरी लागलं. ते खड्यासारखं टणक होतं. दोनदा टोचल्यावर तुकडा सुटून फरशीवर पडला आणि मागोमाग हिरवा थेंब. मग दुसरा. मग बारीक धारच लागली.

ती उठली. "एम-सील. त्यावर पूजेचा रंग. म्हणजे ते रंगाच्या आधी बसवलं, आणि संघर्ष गेल्यानंतर बसवलं, कारण तो गेला त्या दिवशी थेंब पडत होता. या दोन गोष्टींच्या मध्ये या गाडीला एकाच माणसाचा हात लागला. तसं त्यांनीच मला सांगितलं."

सोनबांनी टोपी सारखी केली.

"व्हय. मीच बुजवलं," ते म्हणाले. "पूजेला गाडी मांडली, खाली रांगोळी काढली आन वरनं थेंब. रांगोळी समदी हिरवी. हितं भोक पडलंय म्हनलं, दिलं लावून आन वरनं रंग मारला. त्यात चोरी काय?"

"चोरी नाही, आबा. म्हणून तर तुम्ही लपवलंही नाही. मी भोकाविषयी विचारलं असतं तर तुम्ही कालच सांगितलं असतं."

"आमच्या लाइनीवर..." सोनबा थांबले. धार त्यांच्या स्वच्छ फरशीवरून पिवळ्या पट्ट्यापर्यंत गेली होती. पुसायला ते वाकले नाहीत. "मशिनीला मुद्दाम भोक ठिवत्यात?"

"या मशिनीला ठेवतात."

"मंजे इंजान म्या घालवलं."

"बेअरिंग खोलून बघावी लागतील. गाडी लवकर बंद केली, कदाचित वाचतील. पण कारण तेच."

रणजीत विजयश्रीजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, रिपोर्टात कारण अज्ञात लिहा. तक्रार मी देत नाही. विषय संपला."

"तुमचा संपला. याचा नाही." तिने दाराकडे पाहिलं. "मी दिसलं ते लिहिणार. याने कूलंट रोज भरलं आणि कारण शोधलं नाही, कळवलंही नाही, तेही लिहिणार."

"आन माझं नाव बी लिवा," सोनबा म्हणाले. "कार्डावर नाव लिवायचीच रीत हाय. रणजीत, फोन दे. त्या भोसरीच्या बाईला मी सांगतो."

"आबा, तुम्ही कशाला?" संघर्ष पहिल्यांदा आत आला. "फोन तुम्ही केला नव्हता. ज्यांनी केला त्यांनी करावा. सगळ्यांसमोर."

रणजीतने रविराजकडे पाहिलं, मग ज्ञानेशकडे. आपल्याच गड्यांसमोर त्याच्यावर अशी वेळ कधी आली नसावी. त्याने नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"नेहा मॅडम, रणजीत येळवंडे बोलतोय, चाकणहून. संघर्षबद्दल परवा मी बोललो होतो. ते चुकीचं होतं. त्यानं गाडीला काही केलेलं नाही. तक्रार-बिक्रार काही होणार नाही."

"असं कसं?" पलीकडचा आवाज कोरडा होता. "परवा तुम्ही शपथेवर सांगत होतात. ऑइलमध्ये पाणी आपोआप जात नाही. मग चूक कोणाची होती?"

सोनबा मुलाकडे बघत होते. रणजीतने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"आमच्या घरची," तो म्हणाला. "आणि तुम्हाला फोन केला, ती माझी एकट्याची."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. त्याला म्हणावं, उद्या आठच्या आत गेटवर ये. आणि येळवंडे, ती गाडी तशी चालवू नका. इकडे पाठवून द्या."

"कोण खोलणार?"

"जो उद्या जॉइन होतोय तो. बाकीची माणसं माझी बिझी आहेत."

फोन बंद झाला. रणजीतने तो खिशात टाकला आणि संघर्षकडे न बघता विचारलं, "टेम्पो किती वाजता लावू?"

"दुपारनंतर लावा," संघर्ष म्हणाला. "सकाळी मी नवीन आहे तिथं."